टायरनानांचं पाणी

टायरनानांची अंघोळ झाली की घरचं कुत्रंसुद्धा त्यांच्यावर भुंकायचं. काजळीशिवायचा मालक त्याच्या ओळखीचाच नव्हता! शिरवणे गावात नानांचं पंक्चरचं दुकान. त्यांची शेती कारखान्यांत गेली आणि कारखान्यांचं रंगीत पाणी त्यांच्या विहिरीत आलं. मी तिथल्याच एका कारखान्यात केमिस्ट, ऐंशी सालच्या सुमाराला नानांच्या खोलीत भाड्यानं राहायचो. गुलाबी भात मीही खाल्लाय हो.

नानांना घोर होता तो एकुलत्या लेकीचा, मंदाचा. दोनदा पाहुणे आले, मंदाला बघून खूश झाले आणि पाण्याचा तांब्या पुढे येताच उठून गेले. पाणी नाकारलं म्हणजे सोयरीक नाकारली. "पोरगी सोन्यासारकी, नि पानी बघा कसा, सरबतासारका!" नाना कपाळ बडवून घेत.

एकदा मी बोलून गेलो, की रंग काढायला आमच्या प्रयोगशाळेत कोळशाची भुकटी वापरतात. झालं! "कोलसा इकत कशाला, भाऊ? टायर काय कमी हायेत?" टायरचे तुकडे झाकणबंद पिंपात कोंडून नानांनी खालून जाळ घातला. धूर असा, की शेजारीण वाळत घातलेली सुकट गोळा करून माहेरी निघून गेली. त्या भुकटीतून गाळलेलं पाणी काळंकुट्ट आलं. नाना ग्लास उंचावून म्हणाले, "गुलाबी ग्येला ना? मंग!"

मी हात टेकले. पण नाना कसले ऐकतात! मला खोदून खोदून विचारायचं, भुकटी तापवून तिच्यावर वाफ सोडायची, आम्लानं धुवायची, मग पाण्यानं धूतच राहायचं, असं सात-आठ महिने चाललं. शेवटी तळाला भोक पाडून भुकटी भरलेल्या माठातून खालच्या कळशीत नितळ पाणी ठिबकलं. मी तपासून होकार दिला, तेव्हा नाना ढसाढसा रडले.

मग घणसोली गावातले पाहुणे आले. मुलाच्या बापानं तांब्या रिकामा करून दुसरा मागितला. त्यांचीही विहीर तसलीच. "पोरगी पसंत हाय," ते म्हणाले, "पन ह्यो माठ बी द्यायचा." रुखवतात लाडू-करंज्यांच्या मधोमध माठ मांडला होता, हळदकुंकू लावून.

भुकटी महिन्याला बदलावी लागे. नाना सायकलला डबा बांधून स्वतः जात. आता त्यांच्याकडची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये. एकदा मीही सोबत होतो. उन्हातून आलेल्या बापाला बघून मंदाचे डोळे भरले, पण ग्लास पुढे करायची तिची छाती होईना. नानांनी भुकटी बदलली, कळशी भरेपर्यंत वाट पाहिली आणि तिथंच उकिडवे बसून तीन ग्लास घटाघटा रिचवले. व्याही बघतच राहिले.

"ह्या पिना नाय, व्याही," नाना मिशी पुसत म्हणाले, "ह्या तपासना हाय."