विकरफील्डची राखणपेंढी

विकरफील्ड गावात मोठी माणसं दोन, आणि दोघांचेही कपडे टॅमसिन थर्कल धूत असे. पाद्रीबाबा पेल यांच्या बाह्यांवर शाई असायची. लॉर्ड हॅविंग्टन यांच्या शर्टांना शाई ठाऊक नव्हती, लिहायला त्यांच्या पदरी माणसं होती. त्यांच्या गळपट्ट्यांना घाम असायचा, भाषणांचा. एकाचं आयुष्य हिब्रू पोथ्यांत गेलं, दुसऱ्याचं संसदेत. पाद्रीबाबा पायाखाली मुंगी आली तरी हळहळायचे. लॉर्डसाहेब घोडा थांबवून म्हाताऱ्यांची विचारपूस करायचे. दोघांत मोठा कोण, यावरून दारूच्या गुत्त्यात दोन तट पडत. टॅमसिन मात्र निमूटपणे दोघांचं धुणं पिळायची.

तिच्या घरचा हिवाळा सरव्यावर निघायचा. नवरा जोनस छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. लॉर्डांचा गहू कापून झाला, की रानात पडलेल्या ओंब्या गावच्या बायांनी वेचायच्या, हाच सरवा, आजीपणजीपासूनचा हक्क. त्याची रीतही तेवढीच जुनी. कापणी संपली तरी एक पेंढी रानात उभी ठेवायची. ती राखणपेंढी. ती उभी आहे तोवर कुणी पाऊल घालायचं नाही. लॉर्डांच्या हुकमाने ती उचलली, की पाद्रीबाबांनी चर्चची घंटा वाजवायची आणि मग बायांनी आत शिरायचं.

त्या साली गाडे गेले, रान मोकळं झालं, पण राखणपेंढी जागची हलली नाही.

कारभारी म्हणाला, "सरकार विसरले असतील. मला हुकूम एकच आहे, शनिवारी रानात डुकरं सोडायची."

टॅमसिन धुण्याची टोपली घेऊन पाद्रीबाबांकडे गेली. तिचं ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"या, टॅमसिनबाई, बसा! सरवा! अहो, देवाने मोशेला हेच सांगितलं होतं. शेताचा कोपरा गरिबासाठी सोडा. मूळ शब्द काय सुंदर आहे, ऐका..."

तिने ऐकला. सुंदर होता.

"मग घंटा वाजवता का, बाबा?"

त्यांनी चष्मा काढला. "पेंढी उभी असताना? ते रीतीला धरून होणार नाही, बाई. ती लॉर्डांची." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

ती तशीच वाड्यावर गेली, तेव्हा लॉर्डसाहेब बग्गीत चढत होते.

"टॅमसिन! इस्त्री झकास असते हं तुझी. लंडनला निघालोय. गरिबांच्याच बाजूने बोलणार आहे, तुमच्याच!"

"सरकार, ती राखणपेंढी..."

"सरव्याचं ना? जा की! मी कधी नाही म्हटलंय? पाद्रीबाबांना सांग घंटा वाजवायला." बग्गी गेलीसुद्धा. धुळीतून त्यांचा हात हलताना दिसला, मोठ्या प्रेमाने.

टॅमसिनने निरोप पोचवला, पण पेंढी उचलायचा हुकूम कारभाऱ्याला नव्हता आणि ती उभी असेतो पाद्रीबाबा घंटेला हात लावेनात. शनिवारी बाया बांधावर उभ्या राहिल्या. डोर्कस नावाची दांडगी शेजारीण म्हणाली, "लाथ घाल त्या पेंढीला! गवताच्या जुडीला भितेस होय गं?"

"आणि पुढच्या साली?" टॅमसिन म्हणाली. "आपणच रीत मोडली, तर आपल्याकडे दुसरं आहे काय? हक्काचा काही कागद आहे का?"

डोर्कसनेही पाय मागे घेतला.

मग फाटक उघडलं आणि डुकरं आली. त्यांना रीत कुणी शिकवली नव्हती. बाया ओरडल्या, एप्रन झटकले, पण बांध कुणी ओलांडला नाही. दुपार कलेपर्यंत रानाचा चिखल झाला. शेवटी एका डुकरिणीने राखणपेंढी आडवी केली आणि सावकाश खाल्ली.

पाद्रीबाबांनी खिडकीतून पाहिलं असावं, पेंढी आता उभी नव्हती. घंटा वाजू लागली. रीतीप्रमाणे, नीट, पुरी.

बाया आत शिरल्या. टॅमसिनने चिखलात बोटं घालून चाचपलं. दिवस मावळेपर्यंत तिच्या एप्रनच्या ओच्यात दोन मुठी ओंब्या आल्या, त्याही चावलेल्या.

घरी जोनसने ओच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. दळायला काही नव्हतंच. खोकला ओसरल्यावर त्याने विचारलं, "त्या दोघांत वाईट कोण गं?"

टॅमसिन चुलीपुढे बसून हात शेकत होती.

"अहो, वाईट असता एखादा, तर त्याच्या दारात जाऊन बोंब तरी मारली असती," ती म्हणाली, आणि त्या ओंब्या तिने तशाच, सालीसकट, उकळत्या पाण्यात टाकल्या.