विलायती निळा

आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांकडे जलरंगांची जुनी विलायती पेटी आहे. बाहेरून काळा पत्रा, आत साहेबाच्या काळातल्या रंगांच्या वड्या. दर रविवारी हे आंघोळ करून, हात खडखडीत कोरडे करून पेटी उघडतात, वास घेतात आणि बंद करतात. चित्र त्यांनी जन्मात काढलेलं नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून या दर्शनाचा मान मला. एकदा न राहवून म्हणालो, "त्या निळ्यावर ओला ब्रश फिरवून बघू का?"

"खुळं का काय मास्तर!" ते ओरडले. "पाणी लावायचं न्हाय त्येला. असला निळा आता मिळत न्हाय."

जलरंगाला पाणी वर्ज्य! इतकी वर्षं मी पोरांना चुकीचंच शिकवत होतो म्हणायचं.

मग पंचगंगेला पूर आला. गल्लीत बोट आली, तेव्हा लोकांनी आधी म्हातारी माणसं चढवली. यांनी पेटी शर्टाच्या आत पोटाशी धरली आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरले. बायको मागून आपली आपण येत होती. बोटीजवळ यांचाच पाय घसरला.

छावणीत त्यांनी पेटी बाहेर काढली. शर्टावर पोटभर निळा पसरला होता. असला निळा मी खरोखरच कधी पाहिला नव्हता.

"बघा की मास्तर," ते हळूच म्हणाले, "किती जित्ता हाय!"

आता दर रविवारी तो शर्ट कपाटातून निघतो. मी हात पुढं केला, की ते आधी विचारतात, "हात कोरडं हाईत न्हवं?"