दहाबो मावशीनं ऑफिसात चटई टाकली

दहाबो मावशी सोमालियातल्या किस्मायोच्या बंदरावर मासळी विकायची. अमेरिकेत मिनियापोलिसला लेकीकडे आली तेव्हा उन्हाळा होता, त्यामुळे इथली थंडी तिला फक्त आम्हा शेजारणींच्या तोंडून माहीत. आम्ही घाबरवायचो, ती हसायची. म्हणायची, "लढाईतून आलेय मी. थंडीचं काय घेऊन बसलात?"

त्या वर्षी ऑक्टोबर लागतो न लागतो तोच बर्फ पडला. झाडांची पानंसुद्धा गळली नव्हती. सकाळी मावशी खिडकीशी उभी राहिली. काचेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. लेकीचं तान्हं बाळ पांघरुणांत गुंडाळलेलं, तरी त्याचं नाक गारठलं होतं. भिंतीतला लोखंडी हीटर नुसता थंड पडलेला.

इमारतीतले हीटर सुरू करणं घरमालकाच्या हातात. अंगणापलीकडच्या त्याच्या ऑफिसातली डार्लीन म्हणाली, ते महिन्याच्या मध्याला सुरू होतात, दरवर्षीचं तसंच आहे. जावई गुलेद हे ऐकून मुकाट परत आला. त्याचं म्हणणं, आपण इथं उपरे, मालकाच्या डोळ्यावर कशाला यायचं? थोडे दिवस कळ काढू. इमारतीतले बाकीचे पुरुषही हेच म्हणत होते.

मावशीनं त्याला एवढंच विचारलं, "त्या बाईच्या खोलीत ऊब आहे का?"

"आहे. तिच्या टेबलाखाली विजेचा हीटर आहे."

"मग झालं."

तिनं काखेत चटई मारली, चहाचा थर्मास घेतला. मला इंग्रजी येतं म्हणून शेजारच्या दारातून मलाही ओढलं. पायात मोजे आणि वर रबरी चपला. अंगणात पहिलंच पाऊल घोट्यापर्यंत रुतलं, दुसरं घसरलं आणि मावशी कमरेवर आपटली. वरच्या खिडकीतून कुणीतरी हसत ओरडलं, "मावशी, परत या. ही तुमची वाळू नव्हे!"

"वाळूनंही पाडलंय मला," ती उठत म्हणाली. "तिथं काय पडून राहिले होते?"

ऑफिसात जाऊन तिनं सरळ टेबलाजवळ चटई पसरली आणि पाय शेकत बसली. डार्लीन म्हणाली, इथं असं बसता येत नाही. मी ते मावशीला सोमालीत सांगितलं. मावशी म्हणाली, "तिला सांग, मालकाची तारीख बर्फाला कुणी कळवली नव्हती. मी भांडायला आले नाही. माझ्या घरात ऊब आली की उठेन."

डार्लीननं मालकाला फोन लावला. तो पोलिसांना बोलावतो म्हणाला. मी ते मावशीला सांगितलं. ती चहा ओतत होती.

"येऊ देत. त्यांनाही गार लागत असेल."

खिडक्यांतून बघणाऱ्या बायका मग एकेक करून उतरल्या. लेक बाळाला घेऊन आली. दुपारपर्यंत तिथं पाऊल ठेवायला जागा उरली नाही. दुपारची नमाजही आम्ही तिथंच पढलो. पोलीस काही आले नाहीत. डार्लीननं शेवटी मावशीच्या हातचा चहा घेतला आणि पुन्हा फोन केला. या वेळी तिचा सूर वेगळा होता. ती मालकाला म्हणाली, तुम्हीच येऊन यांच्यात बसा.

संध्याकाळच्या आत हीटरच्या नळ्या खडखडू लागल्या. गुलेद धावत सांगायला आला, हीटर तापला. सगळ्या उठल्या. मावशी हलली नाही.

"आपला तापला. वरच्या मजल्यावरचे?"

तो बघून आला. तिथं अजून गारच होतं. ते तापेपर्यंत मावशी बसून राहिली, आणि तिच्याबरोबर आम्हीही.

पुढच्या वर्षापासून मालकानं तारखेची वाट पाहिली नाही. पुरुष आता सांगतात, आम्ही बोललो त्याच्याशी. मावशी ते ऐकून घेते.

भर जानेवारीत आम्ही घरात दडून बसतो, तेव्हा ती लेकीचे बूट घालून रोज दुकानापर्यंत जाते. फावड्यानं काढलेली वाट सोडून, मधल्या बर्फातून, किंचित लंगडत.