कुलूपबंद घराचं टपाल

सुरतेतलं ते बंद दार अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नव्वदच्या दशकात मी नवागामकडे फौजदार होतो. एका सकाळी आयकर खात्याचा शिपाई ठाण्यात आला. आमच्या खानदेशाकडचाच धिप्पाड गडी, पण चेहरा पार उतरलेला.

"साहेब, एका लूमवाल्याला नोटिसा द्यायला जातो. दाराला बाहेरून कुलूप असतं. कागद खालच्या फटीतून सरकवला की आतून कोणीतरी ओढून घेतं."

"उंदीर असतील."

"उंदीर इतक्या हळू ओढत नाही, साहेब."

भुतांच्या तक्रारी घ्यायला सरकार मला पगार देत नव्हतं. तरी स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदार घेऊन निघालो.

भर दुपार होती. चहूकडे लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट, आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येईना. घर ओसाड दिसत होतं, पण कुलपाला ताजं तेल होतं. दार ठोठावलं, हाका मारल्या. उत्तर नाही. मग वाकून एक कोरा कागद फटीत घातला. तो माझ्या बोटांतून सावकाश निघून गेला. खरं सांगतो, मी हात झटकन मागे घेतला.

शेजारी म्हणाले, कुटुंब केव्हाच कतारगामला राहायला गेलं, कारखाना मात्र मागच्याच गल्लीत आहे. मालकाला तिथून उचलून दारापाशी आणलं.

"घर रिकामं आहे, साहेब. आयकरात पत्ता बदलायचा राहून गेला, एवढंच."

"मग तुझ्या नोटिसा कोण घेतं?"

मी दुसरा कागद सरकवला. तोही आत गेला. मालकानं हात जोडले.

"धाकटा भाऊ आहे. डोक्यानं अधू. पोरीची सोयरीक जमत होती, म्हणून गावी पाठवला असं सगळ्यांना सांगितलं. डबा रोज देतो, साहेब."

पंचांसमक्ष कुलूप उघडलं. ऊन न पाहिलेला, पांढराफटक माणूस दारामागेच बसला होता. हाक आली तरी बोलायचं नाही, असं मोठ्या भावानं त्याला बजावलं होतं. सगळ्या नोटिसा न फोडता उशाशी नीट रचलेल्या. दूधवाला, रेशन, बँक, सगळीकडे मालकानं नवा पत्ता दिला होता. आयकर खातं तेवढं विसरला, म्हणून हा जीव सापडला. डांबून ठेवल्याचा गुन्हा मोठ्या भावावर दाखल केला.

दवाखान्यात न्यायला गाडीत बसवताना धाकट्यानं माझी बाही धरली.

"साहेब, आता माझा कागद कुठं येईल?"

घर बदललंत की आयकरात पत्ता बदला, आळस करू नका, हे मी आजही लोकांना सांगतो. आणि हळूच विचारतो, जुन्या घरात मागं कोणी राहिलं नाही ना? त्यांना वाटतं, साहेब गंमत करतात.