शांतारामची दुसरी बोट

शांताराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी आळेफाट्यावर चष्म्याच्या दुकानात होतो. चष्मा तयार होऊन महिना झाला होता, मीच आणायला गेलो नव्हतो. सुमनवहिनी एवढंच म्हणाल्या, "गुर्जी, सकाळी उठलेच न्हाईत हो हे..." दुकानदाराने चष्मा माझ्या नाकावर बसवला, समोरची अक्षरं वाचायला सांगितली. मला काही वाचता आलं नाही. आज दीड महिना झाला. तोच चष्मा लावून हे लिहितोय, आणि त्याचीच सबब सांगून मी शांतारामला वर्षभर टोलवलं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे धीर व्हायचा नाही.

मी राजुरीला शाळेत चित्रकला शिकवायचो, तो एका साखर कारखान्यात बॉयलरवर होता. निवृत्त झाल्यावर माणसं भीमाशंकरच्या फेऱ्या वाढवतात. हा पठ्ठ्या घरामागच्या शेडमध्ये वाफेवर चालणारी बोट करायला बसला. आठ माणसांची. त्याची थोरली बहीण बायजाआक्का डिंभ्याच्या धरणापल्याड दिलेली. तिला बाजाराला यायचं तर पाण्याला मोठा वळसा. तिला आपल्या बोटीतून अलीकडे आणायचं, हे याने मनात धरलेलं. डिझेलचं इंजिन बसव म्हटलं की म्हणायचा, "त्या आवाजात माणसाला माणूस ऐकू येत न्हाई, गुर्जी. वाफ कशी, गप्पा मारू देती." तो हातांनी हवेत मापं दाखवायचा आणि मी ती कागदावर उतरवायचो. खोडरबर झिजवण्यात आमची तीन वर्षं गेली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मजेची वर्षं होती, आणि हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

वजनाची चाचणी आम्ही आमच्या पद्धतीने घेतली. एका माणसामागे कांद्याची एक गोणी. आठ गोण्या बाकांवर ठेवून बोट धरणात सोडली. उभा बॉयलर, वर उंच धुरांडं, तरी बोट डुगडुगली नाही. शांतारामने प्रेशरच्या काट्यावर टिचकी मारली आणि माझ्याकडे बघून हसला. पुढच्या रविवारी आक्का आणि तिच्या गावची सहा माणसं बसली, आठवा मी. शांताराम बॉयलरपाशी. वाटेत डाव्या हाताला, खाली पाण्यात, बुडालेल्या गावाचं देऊळ आहे. तिथून जाताना आक्काच्या गावची माणसं उठून हात जोडतात. आक्का उठली, तिच्यामागे सगळे उठले आणि डाव्या कडेला गेले. मी देव न मानणारा, तेवढा बसून राहिलो. बोट कलली, पाणी आत आलं, निखाऱ्यांवर पडून फस्सकन वाफ झाली... "बसा खाली, बसा," शांताराम म्हणत होता. माणसं बसली, बोट सावरली, कुणाला खरचटलंही नाही. कांद्याच्या गोण्या नमस्काराला उठत नाहीत, हे आम्हा दोन शहाण्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

काठावर उतरलो तरी मी घाबरलेलाच होतो. ती भीती मी त्याच्यावर काढली. सगळ्यांसमोर म्हणालो, "माणसं बुडवायची हौस असेल तर माझं नाव त्यात नको." खरं तर चूक दोघांची होती; बोटीचा तोल कागदावर मीच काढला होता. तो आक्काची भिजलेली पिशवी तेवढी पिळत राहिला.

ती बोट त्याने मोडली. पण महिन्याभराने घरी आला, जसं काही झालंच नव्हतं. "आता बॉयलर आडवा घेऊ, पार तळाशी. बोट रुंद करू. तुमी फकस्त कागदावर काढून द्या." मी म्हणालो, नवा चष्मा होऊ दे. मग पाऊस, मग दिवाळी, मग पुतणीचं लग्न... दर वेळी तो चहा घ्यायचा, 'बरं' म्हणायचा आणि जायचा. माझा राग केव्हाच गेला होता. पण शेजारी बसून काम करायचं तर त्या दिवशीचं बोलणं आधी मागे घ्यावं लागणार, आणि तेवढं माझ्याच्याने होईना. किती लागलं असतं? एक वाक्य.

तेरावा झाल्यावर वहिनींनी त्याची वही माझ्या हातात दिली. "ही गुर्जींची हाय म्हणायचे." शेवटच्या पानावर दुसरी बोट होती. त्याला चित्र कधीच जमलं नाही; रेघा वाकड्या, माणसं म्हणजे नुसत्या काड्या. सात काड्या डाव्या कडेला उभ्या, हात जोडलेल्या. खाली लिहिलं होतं, 'उठणारच. उठू दे.' पाण्याची रेघ मात्र पट्टीने ओढलेली, आणि बोट त्या रेघेवर सरळ. उजव्या बाकावर एक काडी बसलेली, तिला चष्मा. शेजारी बारीक अक्षरात, 'गुरुजी. हे उठत नाहीत.'

मी ड्रॉइंग बोर्ड पुसून कागद लावलाय. आडवा बॉयलर काढला, बाकं काढली, आक्का आणि तिची माणसं उभी केली, उजवीकडे मी बसलो. शांतारामने स्वतःला कुठे काढलंच नव्हतं... बॉयलरपाशी एका माणसाची जागा आहे. रोज सकाळी पेन्सिल घेऊन बसतो, आणि तिथे येऊन माझा हात थांबतो.