नुसतं पिंपळगाव

मंगळवार, सकाळी साडेआठ. हजर: मुख्य प्रशिक्षक, सायखेड्याची एक विद्यार्थिनी, दुसऱ्या विमानातला विद्यार्थी आणि उड्डाणांच्या नोंदी ठेवणारी मी. नाशिकजवळच्या आमच्या विमान प्रशिक्षण शाळेत ही बैठक तातडीने बोलावली, कारण पाऊण तासापूर्वी आमची दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळता आदळता वाचली होती.

दोघेही विद्यार्थी एकाच उंचीवर, एकेकटे उडत होते. मुलीने रेडिओवर सांगितलं, "पिंपळगाववर आहे." ते ऐकून मुलगा निर्धास्तपणे सायखेड्याकडे वळला, तर ती समोरच.

"पिंपळगाव म्हणजे तिकडे लांबचं पिंपळगाव बसवंत ना?" सरांनी विचारलं.

"आमच्याकडं पिंपळगाव म्हणजे निपाणी, सर. शेजारचं गाव. बसवंतला आम्ही बसवंतच म्हणतो."

"गावकी वर कशाला नेलीस, बाई?"

कुणी हसलं नाही. मुलगा पाण्याचा ग्लास नुसता धरून बसला होता.

चूक तिची नव्हती. रेडिओवर सांगायच्या ठिकाणांची यादी मी केली होती आणि तिच्यात नुसतं 'पिंपळगाव' लिहिलं होतं. त्याच दिवशी मी पूर्ण नाव घालून यादी बदलली, जुन्या प्रती गोळा करून फाडल्या.

पण याच आकाशात उडणाऱ्या दुसऱ्या शाळेलाही ती यादी मीच दिली होती. त्यांना लेखी कळवलं, दोनदा जाऊनही आले. "आमच्या सरांची सही झाली की नवी लावतो, मॅडम," म्हणतात. त्यांच्या भिंतीवरची यादी बदलायची राहिली आहे, आणि त्यांची विमानं आजही सकाळी सातपासून वर आहेत.