बहिरे सेल

वीणाचा स्वभाव डूख धरणारा आहे, हे मल्लेश्वरममधल्या तिच्या घरात कुणीही सांगेल. आत्येबहीण स्वतःच्या लग्नात तिला पंगतीला बोलवायला विसरली, त्या बहिणीची मुलगी आता कॉलेजात जाते, तरी वीणा अजून त्या घरचं पाणी पीत नाही. सोड आता, असं तिची आई श्यामलाबाई अधूनमधून म्हणतात. वीणा सोडत नाही. तिला ते जमत नाही अशातला भाग नाही. तिला सोडायचंच नसतं. इतकी वर्षं जपलेली गोष्ट उगाच का टाकून द्यायची, असा तिचा साधा सवाल असतो.

तर अशा बाईच्या वाटेला मकरंद गेला. पुण्याहून कर्नाटकात आला, आल्या आल्या तिच्या ऑफिसात विभागाचा प्रमुख झाला आणि वर्षभरात त्याने तिची आयुष्यभराची कमाई खिशात घातली. कमाई म्हणजे पैसा नव्हे. एक योजना.

वीणा एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत काम करते. मोबाइलचे टॉवर कुठे उभे करायचे, त्यांची तोंडं कुणीकडे वळवायची, कुठली गल्ली कुणी सांभाळायची, हे ही कंपनी मोठ्या मोबाइलवाल्यांना ठरवून देते. टॉवरच्या एका तोंडासमोर जेवढा मुलूख येतो त्याला या धंद्यात सेल म्हणतात. शहरातले सगळे सेल सगळा वेळ जागे राहून वीज खात बसतात आणि वीज गेली की डिझेल पितात. वीणाच्या डोक्यात आलं की हे कशाला? सर्जापूर रोडवरच्या इमारती भर दुपारी ओस पडतात, सगळे नोकरीवर. एचएसआरमधली ऑफिसं रविवारी रिकामी. मल्लेश्वरमला मात्र सकाळी बाजाराला आणि संध्याकाळी देवळाला गर्दी असते, दुपारी सगळे लवंडलेले. ज्या वेळी जो सेल रिकामा, त्या वेळी त्याला झोपवावं आणि त्याच्या गल्ल्या शेजारच्या सेलने सांभाळाव्यात. शेजाऱ्याला ते पेलेल का, हे आधी पाहून घ्यावं. अशा कल्पना पुष्कळांना सुचतात, पण कुठला शेजारी खरंच पेलतो हे वीणाने गल्लीगल्लीतून पायी हिंडून ठरवलं होतं. त्यात तिच्या चपला झिजल्या आणि गुडघाही धरला.

या योजनेत तिचा एक नियम होता. ज्या सेलवर एकही फोन येत नाही तो रिकामाच असेल असं धरून चालायचं नाही. तो बहिरा झालेला असू शकतो. बहिरा सेल नुसता बोलतो, ऐकत नाही. माणसाला मोबाइलवर रेंज पूर्ण दिसते, पण फोन लावला की लागत नाही. ऑफिसातल्या पडद्यावर सगळं हिरवंगार आणि धोक्याची सूचना कुठेच नाही. म्हणून असा सेल झोपवण्याआधी कुणीतरी त्या टॉवरखाली जायचं, त्याच एका सेलला धरून राहणारा खास फोन काढायचा आणि आपल्या घरी फोन लावायचा. घरच्यांशी दोन शब्द बोलणं झालं तरच सेल धडधाकट. ही पद्धत तिला शेषगिरी नावाच्या तिच्या पहिल्या साहेबांनी लावून दिली होती. परक्याला फोन केला तर माणूस हॅलो म्हणून ठेवून देतो, घरच्यांशी बोलताना आवाज तुटला तर लगेच कळतं, असं ते म्हणायचे. श्यामलाबाईंना त्यामुळे शहराच्या कुठल्याही कोपऱ्यातून लेकीचे फोन येत, आणि भाजी काय करू एवढं विचारून त्या आपल्या कामाला लागत.

मकरंदने योजना उचलली आणि नियम तेवढा वगळला. पायी हिंडायला वेळ लागतो, आणि बहिरे सेल वजा केले की वाचलेल्या विजेचा आकडा खाली येतो. त्याला आकडा मोठा हवा होता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाला टॉवरखाली उभं राहायची हौस कुठून असणार? ज्या सेलवर फोन नाही तो झोपवा, दिवसभर झोपवा, ज्यावर फोनच नाही त्याच्या गल्ल्यांना शेजारी तरी कशाला हवा, असा त्याने सरसकट हुकूम सोडला. योजनेला मोठं कौतुक मिळालं. कंपनीच्या समारंभात त्याला शाल, नारळ आणि काचेची एक ढाल दिली, आणि माईक हातात घेऊन तो म्हणाला, "वीणा मॅडमनी डेटा कलेक्ट करायला खूप हेल्प केली."

सभागृहात टाळ्या पडल्या. वीणानेही वाजवल्या. त्या टाळ्या वाजवतानाच तिने ठरवलं की या माणसाला याच लोकांसमोर तोंडघशी पाडायचं आणि योजना परत आपल्या नावावर घ्यायची. दोन्ही व्हायला हवं होतं. नुसती योजना परत मिळाली असती तर तिचं पोट भरलं नसतं.

संधी फार लवकर चालून आली. योजना सुरू झाली त्याच आठवड्यात, एका दुपारी, ती सर्जापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत गेली. मकरंदने झोपवलेला एक सेल तिने लॅपटॉपवरून थोडा वेळ जागा केला, खास फोन काढला आणि आईला फोन लावला. रेंज पूर्ण दिसत होती. फोन लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. सेल ठार बहिरा होता. मकरंदने आजारी माणसाला झोपलेला समजून त्याच्यावर पांघरूण घातलं होतं आणि वर त्याचंच बक्षीस घेतलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी कस्तुरीची इस्त्रीची गाडी होती. वीणाच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून ती जवळ आली आणि फोनवाल्यांपैकीच ना, असं विचारून गाऱ्हाणं सांगू लागली. वरच्या फ्लॅटवाल्यांनी कपडे न्यायला बोलावलं तर तिचा फोन वाजतच नाही. आधी रेंज तरी दिसायची, आता तीही गेली. तक्रार केली तर वीज वाचवण्याचं काम चालू आहे असा निरोप येतो आणि तक्रार आपोआप बंद होते. कस्तुरी उचलतच नाही असं समजून लोकांनी कपडे दुसरीकडे द्यायला सुरुवात केली होती. वीणाने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "सरी अक्का, नोडतीनी. बघते मी."

ऑफिसात येऊन तिने खरोखरच मेल लिहायला घेतला. मकरंदला नव्हे, थेट वरच्यांना. सेल बहिरा आहे, ताबडतोब दुरुस्त करा, नियम परत लावा. अर्धा मेल झाला आणि तिच्या कानात ते खूप हेल्प केली पुन्हा वाजलं. आज मेल गेला तर काय होईल ते तिला लख्ख दिसलं. मकरंद गोड हसून आभार मानेल, रातोरात चूक सावरून घेईल, आणि पुढच्या समारंभात वीणा मॅडमनी चूक शोधायला हेल्प केली असं म्हणेल. तिने मेल पुसून टाकला.

पुढचे काही आठवडे ती शहरभर हिंडली. मकरंदने झोपवलेले सेल एकेक करून जागे करायचे, घरी फोन लावायचा, पुन्हा झोपवायचे. ज्यांवर आधीपासून एकही फोन येत नव्हता ते जवळजवळ सगळे बहिरे निघाले. प्रत्येक बहिऱ्या सेलखाली कुणीतरी कस्तुरी असणार हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, टोचतही होतं. एकदा त्या गल्लीवरून रिक्षाने जाताना तिने मान दुसरीकडे वळवली. पण मकरंद जितका उंच चढेल तितका जोरात आपटेल, या विचाराने तिला जेवण गोड लागायचं. ऑफिसात ती त्याच्याशी इतकी गोडीने वागू लागली की आईला संशय आला. कुणाचं वाटोळं चाललंय, असं त्यांनी एकदा विचारलंसुद्धा. वीणाने आमटी वाढून घेतली आणि विषय बदलला.

शेवटी तो दिवस आला. योजना सगळ्या कर्नाटकात न्यायची आणि ती कुणाच्या हाताखाली चालवायची हे ठरवायला मोबाइल कंपनीचे बसवंत साहेब आले. विजेचा सगळा खर्च त्यांच्या सहीने चाले. माणूस अबोल, बोललाच तर मोजकं इंग्रजी. समारंभात टाळ्या वाजवणारे सगळेच टेबलाभोवती होते. मकरंदने पडद्यावर आकडे दाखवले, तक्ते दाखवले, आणि शेवटी नवी दिल्लीतल्या मोठ्या परिषदेचं आमंत्रणही दाखवलं. तो खाली बसला तेव्हा वीणाने हात वर केला आणि नम्रपणे म्हटलं की साहेबांनी यातला हवा तो, ज्यावर एकही फोन येत नाही असा सेल निवडावा. आपण तो जागा करू आणि त्यावरून एक फोन लावून पाहू.

मकरंदला यात काहीच वावगं वाटलं नाही. बसवंतांनी ऑफिसच्या मागच्याच छतावरचा सेल निवडला. तो जागा केला. खास फोनवर रेंज पूर्ण आली. बसवंतांनी स्वतःच्या हाताने घरचा नंबर फिरवला. फोन लागला नाही. मकरंद म्हणाला, तांत्रिक अडचण असेल. मग वीणाच्या सांगण्यावरून त्यांनी मल्लेश्वरमचा एक सेल निवडला. त्या भागात मल्लाप्पा नावाचा कंपनीचा तंत्रज्ञ तसाच दुसरा खास फोन घेऊन तयारच होता, कारण वीणाने त्याला सकाळीच पाठवून ठेवलं होतं. त्या टॉवरखाली जाऊन त्याने स्वतःच्या साध्या फोनवरून कळवलं की लागत नाही. त्याच भागातला तिसरा निवडला, तिथेही तेच. मकरंदच्या तोंडचं पाणी पळालं. वाचलेल्या विजेतली कितीतरी वीज म्हणजे मोडक्या यंत्रांनी न केलेलं काम होतं, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळून चुकलं.

बसवंतांनी वीणाला इंग्रजीत विचारलं, हे तुम्हाला कधी कळलं? वीणाने उत्तर तयार ठेवलं होतं. जुने आकडे चाळताना कालच शंका आली, असं ती शांतपणे म्हणाली. बसवंतांनी मान डोलावली आणि जाहीर केलं की पुढचं काम यांच्याकडे द्या, नियम यांचा, योजनाही यांचीच दिसते.

झालं. जे हवं होतं ते सगळं तिच्या पदरात पडलं. आता तिने गप्प बसायचं होतं.

पण मकरंद तिच्याकडे पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर नुसता धक्का होता. त्याला वाटत होतं की नशीब फिरलं, योगायोगाने पकडला गेलो. वीणाला ते सहन झालं नाही. इतके आठवडे राबून रचलेला सूड आणि त्याला तो योगायोग वाटावा? बाकीचे लोक कागद आवरू लागले होते. या ऑफिसातली मराठी माणसं बाहेरच्यांसमोर काही आपसात बोलायचं झालं की सरळ मराठीत बोलत, पडदा टाकल्यासारखं. वीणाही तसंच बोलली, हळू आवाजात, त्याच्या डोळ्यांत पाहत.

"काल नाही, मकरंद. पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं मला. तुम्ही चढत होतात आणि मी बघत बसले होते. डेटा कलेक्ट करत होते."

मकरंदचा चेहरा पांढराफटक पडला. तो क्षण वीणाने अगदी डोळे भरून पाहिला.

बसवंतांनी पेनचं टोपण लावलं. मग ते मराठीत बोलले, बेळगावच्या हेलात, अजिबात आवाज न चढवता.

"बाई, मी बेळगावचा. शाळा मराठीतच झाली माझी. पहिल्या आठवड्यापासून म्हणालात न्हवं? म्हंजे एवढे दिवस लोकांचे फोन लागत नव्हते आणि तुम्ही बघत बसला होता."

बसवंतांनी टेबलावरचे कागद पुढे ओढले, इंग्रजीत सांगितलं की हे काम आपण दुसऱ्या कंपनीला देणार आहोत, आणि तो खास फोन वीणाच्या हातात परत दिला. ते बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग बाकीचेही उठले, तिच्याकडे न बघता.

खोलीत दोघंच उरले. मकरंदने तोंडावरून हात फिरवला आणि मग तो हसला, अगदी मनापासून, हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. योजना गेली याचं दुःख वीणाला पुढे खूप दिवस झालं. पण त्या वेळी तिला फक्त त्याचं ते हसणं ऐकू येत होतं.